वार, बोर्डिंग आणि मुष्टिफंड

मूल शाळेत घालण्याचा विचार आपण आज शुल्क, गणवेश, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या भाषेत करतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या खेड्यातला बाप आपल्या मुलाला घेऊन तालुक्याच्या किंवा संस्थानच्या गावी येत असे, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न विद्येचा नसे. पोर रात्री निजेल कोठे, दोन्ही वेळा त्याच्या पानात काय पडेल, त्याला ताप भरला तर उशाशी कोण बसेल, आणि ते वाईट संगतीला लागले तर ती गोष्ट आपल्या कानावर कोण घालील, या विवंचनेत तो असे. महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास संस्था, कायदे आणि थोर प्रवर्तक यांच्या नावांनी सांगितला जातो, आणि ते रास्तही आहे. तथापि त्या इतिहासाचा मोठा भाग या साध्या, घरगुती प्रश्नांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेलेल्या उत्तरांनी घडला आहे, असे माझे मत आहे. ही उत्तरे शाळेला एकटीला देता आली नाहीत आणि घरालाही एकट्याला देता आली नाहीत. दोघांनी भार वाटून घेतला तेथे मूल टिकले. दोघांपैकी एकाने अंग काढून घेतले तेथे ते मध्येच गळाले.

इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नव्हता. ती शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या ओवरीत किंवा खुद्द पंतोजीच्या घरी भरे. मूल सकाळी घरून जाई, दुपारी जेवायला घरी येई, आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवून, पावकी-निमकीचे पाढे घोकून आणि मोडीचे वळण हाताला लावून घेऊन दिवेलागणीला पुन्हा आईच्या नजरेसमोर असे. पंतोजीचा चरितार्थही त्याच घरांवर चाले. महिन्याकाठी थोडी रोकड, हंगामाला काही धान्य आणि सणावाराला शिधा, असे त्याच्या प्राप्तीचे स्वरूप असल्यामुळे प्रत्येक उंबरठा त्याला ठाऊक होता आणि प्रत्येक उंबरठ्याला तो ठाऊक होता. घर आणि शाळा यांच्यातील अंतर याहून कमी असणे कठीण. असे असूनही त्या शाळेतले मूल सुरक्षित होते असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. गैरहजर पोराला चार थोराड मुले हातापायांना धरून उचलून आणीत, छडी तर नित्याचीच असे, आणि अंगठे धरून उभे करणे, आढ्याला टांगणे यांसारख्या शिक्षांची वर्णने त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी पुष्कळ करून ठेवली आहेत. बाप या शिक्षांना केवळ संमती देत नसे, तर मुलाला पंतोजीच्या हवाली करताना त्या मागूनही घेत असे. घर आणि शाळा यांचे मेतकूट मुलाच्या हिताचेच असते असा आपला जो समज असतो, तो येथे तपासून घ्यावा लागतो. कारण दोघांचे मत एक झाल्यावर ज्याच्यापुढे तक्रार न्यावी असा कोणी त्या लेकराला उरतच नसे.

सरकारी शाळा निघाल्या आणि वरची विद्या मोठ्या गावांत एकवटली, तेव्हा घर आणि शाळा यांच्यामध्ये प्रथमच मैलांचे अंतर पडले. कोकणातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे या मुलाची हकिकत सुपरिचित आहे. सहाव्या इयत्तेची परीक्षा देण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर पाठीवर वळकटी घेऊन, सह्याद्री चढून, सुमारे ११० मैल चालत साताऱ्यास गेला. आणि तेथे पोचल्यावर, वय फार कमी दिसते एवढ्या कारणावरून परीक्षकांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. त्या वाटेवर मुलांचा जिम्मा घेणारे कोणी नव्हते, आणि शाळाखात्याला तो आपला आहे असे वाटण्याचेही कारण नव्हते. त्याच सुमारास कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी धाडण्यास आरंभ केला. सात रुपयांत एका संसाराचे कसे भागले असेल याचा विचार करावा, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या विद्येची किंमत कोणकोणाच्या ताटातून वसूल होत होती हे ध्यानात येईल.

ज्यांना आठ रुपये धाडणारा भाऊ नव्हता, त्यांच्यासाठी समाजात दोन जुन्या वहिवाटी होत्या: माधुकरी आणि वार. माधुकरीत मुलगा झोळी घेऊन पाच घरी जाई आणि मिळेल ते शिजलेले अन्न आणून खाई. वाराची रीत निराळी होती. सात वारांची सात घरे ठरलेली असत. सोमवारी अमक्या वकिलांकडे, मंगळवारी तमक्या मास्तरांकडे, बुधवारी एखाद्या विधवा आजीबाईंकडे, अशा क्रमाने त्या मुलाने त्या त्या घरी जाऊन घरच्या माणसांच्या पंगतीला बसावे. पुणे, वाई, सातारा, सांगली, नाशिक अशा गावी वार लावून शिकलेल्यांची संख्या एवढी मोठी आहे, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शाळामास्तर, कारकून, वकील आणि ग्रंथकार यांच्या आत्मकथनांत वाराचे प्रकरण नसले तरच वाचकास चुकल्यासारखे वाटावे.

या वाराच्या जेवणात अन्नाखेरीज आणखी काय वाढले जाई ते जरा जवळून पाहण्याजोगे आहे. मुलगा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून वेळेवर आला की नाही, त्याचे डोळे जागरणाने तांबारले आहेत की काय, सदरा फाटला आहे की काय, परीक्षेत तो कितवा आला, गावाहून पत्र आले की नाही, हे वाढणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नसे. एका दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, सात घरांपैकी कोठे तरी त्याची विचारपूस होई. आणि सोमवारचे वकील व गुरुवारचे मास्तर बाजारात भेटले म्हणजे त्या मुलाचा विषय निघे. आईबापांपासून दूर असलेल्या मुलावर अशी सात घरांची सौम्य देखरेख असे, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नसे. उलट बाजूही विसरता येत नाही. घरात सुतक आले, यजमान परगावी गेले, किंवा मंगळवारच्या घरी नव्या सुनेला हा पोर डोळ्यांत सलू लागला, म्हणजे त्या वारी उपास ठरलेला. काही घरी पाणी भरून, देवपूजा करून, लहान मुलांना खेळवून ते जेवण फेडावे लागे. काही घरी वरच्या पंगतीला तूप आणि वाराच्या मुलाला ताक, असा भेद उघड चाले. अन्न मिळत होते, परंतु त्याच्यासोबत मिंधेपणाही मिळत होता, आणि तो अनेकांच्या मनातून उतारवयापर्यंत गेला नाही. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, जे पुढे पुणे विद्यार्थी गृह या नावाने प्रसिद्धीस आले, त्याच्यासारख्या संस्थांनी अशा मुलांना एका छपराखाली आणले, तेव्हा या मिंधेपणाला पहिला उतार पडला.

परंतु वाराचा सर्वांत मोठा दोष याहून खोल होता. ज्या सात घरांची गोष्ट आपण करीत आहोत, ती बहुधा ब्राह्मणांची होती आणि वार लावणारा मुलगाही ब्राह्मण होता. कुणब्याचा, धनगराचा, मुसलमानाचा मुलगा शाळेच्या गावी आला तर त्याला पंगतीत जागा नव्हती. महारामांगांच्या मुलाला तर शाळेच्या पडवीतसुद्धा नव्हती. आणि मुलगी? तिच्याकरिता वारही नव्हता आणि वाटही नव्हती. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर रस्त्यात चिखल आणि शेण फेकण्यात आले हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच कामापायी जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडावयास लावले, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. शाळा चालविणाऱ्यांनाच त्यांचे स्वतःचे घर पारखे झाले होते. अशा स्थितीत ज्या आईबापांनी आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुली त्या वाड्यात पाठविल्या, त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. माझ्या दृष्टीने मात्र त्या शाळेचे निम्मे श्रेय त्यांचे आहे. मुलीला शाळेत धाडणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे, भाऊबंदांचा बहिष्कार आणि पुढे तिच्या लग्नाची अडचण, हे सारे अंगावर घेणे होते, आणि हे त्यांनी सावित्रीबाईंच्या शब्दावर घेतले.

विश्वासाची हीच कसोटी पुढे अर्ध्या शतकाने कर्व्यांना द्यावी लागली. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. कॉलेजातील शिकवणी संपवून हा प्राध्यापक दररोज चिखलाची वाट तुडवीत, खांद्यावर सामानसुमान घेऊन, संध्याकाळी हिंगण्यास जाई आणि सकाळी परत येई. आश्रमात येणाऱ्या बालविधवांना त्यांचा बाप, भाऊ किंवा दीर आणून सोडी, आणि त्याच्या मनात एकच भय असे, ते म्हणजे येथे ठेवलेल्या पोरीचे लोक पुन्हा लग्न लावून तर देणार नाहीत ना? स्वतः पुनर्विवाह केलेल्या गृहस्थाविषयी ही शंका यावी हे स्वाभाविक होते. कर्व्यांनी त्यावर वादविवाद केला नाही. आश्रमाचे काम शिक्षणाचे, आणि पुनर्विवाहाच्या चळवळीशी त्याचा संबंध नाही, असा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला. काही सुधारकांना ही माघार वाटली. मला ती माघार वाटत नाही. ज्या घराने आपली मुलगी स्वाधीन केली, त्या घराला दिलेल्या शब्दाशी इमान राखणे हे त्या मुलीच्या संरक्षणाचे पहिले साधन होते. कारण एका घराचा विश्वास ढळता, तर दुसऱ्या दिवशी दहा बाप आपल्या मुली परत न्यावयास माळावर येऊन उभे राहिले असते.

बहुजनसमाजाच्या मुलांची तरतूद झाली ती कोल्हापुरात. शाहू छत्रपतींनी प्रथम सर्व जातींसाठी एकत्र वसतिगृह चालवून पाहिले. परंतु ते हळूहळू एकाच जातीच्या मुलांनी भरून गेले, आणि मागासलेल्या जातींचा मुलगा तेथे फिरकेनासा झाला. तेव्हा महाराजांनी पवित्रा बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैनांचे, १९०६ साली मुसलमानांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी बोर्डिंगे एकामागून एक उभी राहिली. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत अशा कितीतरी समाजांनी दरबाराच्या मदतीने आपापली वसतिगृहे काढली, आणि करवीरनगरीला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. दरबाराने जागा द्यावी, इमारतीस मदत द्यावी, सालिना उत्पन्नाची काही तजवीज करावी. आणि त्या त्या समाजाने पंच नेमून, वर्गणी गोळा करून, स्वयंपाकी ठेवून आपली मुले सांभाळावीत, अशी ही विभागणी होती. पंचगंगेच्या खोऱ्यातला किंवा दूर कर्नाटकाच्या हद्दीवरचा शेतकरी मुलाला घेऊन कोल्हापुरात आला, म्हणजे तो थेट आपल्या जातीच्या बोर्डिंगात जाई. तेथे त्याच्या ओळखीचा कोणी निघे, जेवण त्याच्या रीतीचे असे, बोली त्याची असे. आणि तो निर्धास्त मनाने परत फिरे.

जातवार बोर्डिंगांवर पुष्कळ टीका झाली आहे. तिच्यात तथ्य आहे, आणि महाराजांनाही ते कळत होते. पण घराबाहेर पहिले पाऊल टाकणाऱ्या बापाला धीर यावा, यासाठी घराच्या ओळखीची खूण त्या नव्या जागी असणे त्या काळी अपरिहार्य होते, असे मानल्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही. याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सबंध राज्यात सक्ती लागू केली होती, तीच वाट ही होती. एका रुपयाचा दंड त्या काळच्या मजुराला भारी होता, यात शंका नाही. तथापि जो दरबार एका हाताने दंडाचा हुकूम काढीत होता, तोच दुसऱ्या हाताने मुलाच्या निवाऱ्याची आणि पोटाची सोय करीत होता, म्हणून ती सक्ती जुलमाची झाली नाही. ही दुसरी बाजू सोडून नुसता दंड ठेवणाऱ्या सरकारांना पुढे फारसे यश आले नाही.

घराचे नियम बोर्डिंगात आले, त्याबरोबर घराचे दोषही आले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून आत येण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे ओगले, किर्लोस्कर आणि कूपर यांच्या कारखान्यांचा माल विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले, आणि भाऊरावांनी स्वतःच्या बिऱ्हाडात मुले ठेवून वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातींची मुले तेथे एकाच चुलीवरचे खात होती आणि पाळीपाळीने भाकऱ्या थापीत होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले.

या वसतिगृहाच्या इतिहासात भाऊरावांच्या नावाखाली एक नाव झाकले जाते, ते लक्ष्मीबाईंचे. त्या कुंभोजच्या पाटलांच्या घरच्या. माहेरून दागिने पुष्कळ आले होते, आणि शिवाशिवीच्या संस्कारात त्या वाढल्या होत्या. पतीने आणलेल्या सर्व जातींच्या मुलांना आपल्या घरात घेण्यासाठी त्यांना स्वतःच्या मनाशी किती झगडावे लागले असेल, याची कल्पनाच करावी. तो झगडा संपल्यावर मात्र त्यांनी हातचे राखले नाही. भाऊराव देणग्यांसाठी हिंडत असत आणि कोठीत धान्य नसे, तेव्हा एकेक दागिना विकून मुलांना जेवू घातले गेले. आणि एके प्रसंगी अंगावर काही उरले नाही, तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. वसतिगृहातली मुले त्यांना आईच मानीत, आणि ती मुले सांगत त्याप्रमाणे आजारी पोराच्या उशाशी रात्र काढणारी, न जेवता निजलेल्याला उठवून भरविणारी ती आई होती. बाप ज्या प्रश्नांनी व्याकूळ होऊन मुलाला परगावी ठेवीत असे, त्या प्रश्नांना संस्थेची घटना किंवा नियमावली उत्तर देऊ शकत नव्हती; ते उत्तर त्या माउलीने स्वतःच्या हातांनी दिले.

याच्या जोडीला भाऊरावांनी जो मुष्टिफंड काढला, त्याच्याइतकी सुंदर कल्पना आपल्या शैक्षणिक इतिहासात मला दुसरी आढळत नाही. दळणकांडणाच्या वेळी घरातील बाईने जात्यात वैरण घालण्यापूर्वी एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकावे; आठवड्याने, पंधरवड्याने वसतिगृहाची मुले येतील, ते धान्य मोजून घेतील आणि घेऊन जातील. मडके ठेवण्यास पैसा लागत नव्हता. ज्या घरात रोकड कधी दिसत नसे, त्या घरातही जोंधळ्याची मूठ निघत होती. आणि ती कारभाऱ्याच्या परवानगीवाचून, घरच्या लक्ष्मीच्या हातून निघत होती. त्या मुठीमुळे काय घडले? जिचा स्वतःचा मुलगा अजून शाळेत गेला नव्हता, अशी बाईही शाळेची भागीदार झाली. धान्य नेण्यास आलेल्या पोराला ती पाणी विचारी, गाव विचारी, काय शिकतोस ते विचारी. आणि पुढल्या जूनमध्ये स्वतःच्या पोराला कोठे ठेवावे याचा तिला पत्ता लागे. दंडाच्या रुपयाने जे साधले नसते, ते या मुठीने साधले. पैसेवाल्यांच्या देणग्यांनी इमारती बांधल्या जातात, आणि रयतमध्येही त्या तशा बांधल्या गेल्या. परंतु संस्था आपली आहे ही भावना साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत जी मुरली, ती या मडक्यांमुळे मुरली, असे मी निःशंकपणे म्हणेन.

भाऊरावांच्या वसतिगृहातली मुले नुसती आश्रित नव्हती. शेत नांगरणे, खडी फोडणे, विहीर खणणे, अशी कामे करून ती आपल्या शिक्षणाचा वाटा उचलीत. १९४० साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर चालले. वाराच्या मुलाला जो मिंधेपणा भोगावा लागे, त्याच्यावरचा हा उपाय होता. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले, ते या कारणाने.

याच काळात खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, १९२४ साली एक तरुण शिक्षक रुजू झाले आणि पुढे त्यांच्याकडे छात्रालयाची व्यवस्था आली. पांडुरंग सदाशिव साने यांनी तेथे केलेले काम फार गाजावाजाचे नव्हते. मुले शाळेत गेली म्हणजे त्यांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त पडलेल्या वळकट्या गुंडाळून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणाला रागे भरणे नाही, कोणाला दंड नाही. थोड्याच दिवसांत मुले आपली आपण लाजली, आणि खोल्या नीट राहू लागल्या. आजाऱ्याची शुश्रूषा ते रात्ररात्र करीत. मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ ते काढीत, आणि त्यातून मुलांशी त्यांचा संवाद चाले. पंतोजीच्या छडीपासून निघालेली वाट शंभर वर्षांत येथवर येऊन पोचली होती. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, तेव्हा त्यांचा तेथील वास जेमतेम सहा वर्षांचा होता. पण शिक्षकाने आईचे काम करण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट त्या छात्रालयात शिकलेल्या मुलांनी महाराष्ट्रभर नेली.

यानंतरची एक हकिकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ तेथे त्यांच्या साहाय्यास आल्या, आणि १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मूल शाळेत का येत नाही याचा शोध या दोघींनी घरात जाऊन घेतला. आईबाप शिक्षणाच्या विरुद्ध होते असे त्यांना आढळले नाही. आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन बसलेली असे, कारण आई मजुरीला गेलेली असे. नऊ वर्षांचा मुलगा रानात गुरांमागे असे, कारण त्या गुरांवर घर चाले. तेव्हा त्यांनी शाळेलाच घराप्रमाणे वाकविले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी विकासवाडी केली, म्हणजे भावंडाला सांभाळणारी ताई भावंडासह शाळेत येऊ लागली. मुले येत नाहीत तेथे वस्तीच्या अंगणात बालवाडी भरविली, आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत आहेत तेथेच फळा टांगून शिक्षक बसला. आईबापांनी शाळेशी सहकार्य करावे असे उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. शाळेने आईबापांच्या दिनक्रमाशी सहकार्य करावे, हे या दोन स्त्रियांनी करून दाखविले, आणि तेथून निघालेली अंगणवाडी आज देशभर झाली आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. पंतोजीच्या शाळेत जे मूल दोघांच्या एकमतात सापडत असे, त्याला आता कायद्याचा तिसरा आधार मिळाला, ही सामान्य प्रगती नव्हे. परंतु पुष्कळ गावी ही समिती सह्यांपुरती उरते. हजेरीवहीत पालकांची नावे असतात, सभेला मात्र मुख्याध्यापक आणि दोन-तीन पुढारी असतात. आणि शौचालयाला कडी नाही, वाटेवरचा ओढा पावसाळ्यात भरतो, अमुक मुलगी आठवड्यापासून गप्पगप्प आहे, हे प्रश्न कोणाच्या तोंडून निघतच नाहीत.

जुना प्रश्न आजही संपलेला नाही, तो मराठवाड्यात दरसाल दिवाळीनंतर पुन्हा उभा राहतो. बीडकडची हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मुलांना बरोबर न्यावे तर शाळा बुडते, मागे ठेवावे तर सांभाळावयास म्हातारे आजी-आजोबा तेवढे असतात. अशा मुलांसाठी गावच्या शाळेला जोडून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. सरकार त्यांना अनुदान देते, आणि ते आवश्यकच आहे. पण रात्री मुलांजवळ कोण निजते, दिवा आहे काय, वाढत्या वयाच्या मुलींची वेगळी सोय आहे काय, भाजी रोज शिजते काय, याची खातरजमा जिल्ह्याच्या कचेरीत बसून होत नाही. ज्या वाचकांच्या गावी किंवा शेजारच्या गावी असे वसतिगृह असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की देणगी देण्यापूर्वी त्यांनी एकदा संध्याकाळी तेथे जावे, मुलांबरोबर पंगतीला बसावे, त्यांची नावे विचारावीत, आणि पुन्हा आठवड्याने जावे.